एकाहत्तरावा पापुद्रा

कारखान्यात तिला सगळे सुरकुतीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण पाठीमागेही फारशा हळू आवाजात नाही. तिला त्याचा राग नव्हता. खरं सांगायचं तर थोडा गर्वच होता. कापडावर केसाएवढी सुरकुती दिसली की तिच्या कपाळावर चार उमटायच्या, आणि ते कापड काही कुणाच्या शर्टाचं नव्हतं. जगातल्या सगळ्यांत वेगवान गाड्यांपैकी एक गाडी तिच्या कारखान्यात बनायची. ‘बनायची’ हा शब्द मात्र तिला पटत नसे. कुणी विचारलं तर ती सांगायची, "मी गाडी शिवते."

यात थट्टा नव्हती. ज्यांना हायपरकार म्हणतात त्या गाड्यांचं अंग पत्र्याचं नसतं. कार्बनच्या धाग्यांचं काळं कापड असतं, चिकट राळेत भिजवून गोठवून ठेवलेलं. ते साच्यात एकावर एक थर लावून बसवायचं, बोटांनी कानाकोपऱ्यात दाबायचं आणि मग मोठ्या भट्टीत दाबाखाली भाजायचं. त्यातून जे निघतं ते पोलादालाही दाद देत नाही. इंजिनिअर मंडळींना याचं सगळं गणित तोंडपाठ असतं, पण कापड वाकणात बसवायला सांगितलं की बघत उभी राहतात. म्हणून कारखान्याने शिवणकाम करणाऱ्या बायका कामावर घेतल्या. सुरकुतीबाई त्यांतली पहिली. आधी आईच्या मशीनवर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कपडे शिवले, मग तंबूंच्या कारखान्यात जाड कापडाने बोटं सोलून घेतली, आणि मग इथे एकोणीस वर्षं. या एकोणीस वर्षांत तिच्या हातचा एकही भाग मोडीत गेला नव्हता. हे वाक्य लक्षात ठेवा. तिने ते गरजेपेक्षा जास्तच लक्षात ठेवलं होतं.

तिला स्वतःला सायकलही येत नसे. नवरा बसचा ड्रायव्हर होता. एकतीस वर्षं शहरातली बस चालवून घरी बसलेला. त्याच्या बसला ताशी साठच्या पुढे जाताच यायचं नाही, तशी चावीच मारलेली होती. बायकोची गाडी चारशे नव्वदच्या पुढे जाणार म्हटल्यावर त्याने एकदा कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला.

"अगं, म्हणजे आपली गल्ली दोन सेकंदांत संपली की!"

"गल्लीत कशाला आणतील?"

"तसं नाही. पण मग तुमच्या गाडीला थांबा कुठे?"

आणि स्वतःच्याच विनोदावर तो चहा सांडेपर्यंत हसला. भला माणूस. त्याच्यापासून तिने एकच गोष्ट लपवली, आणि तीच या गोष्टीचं मूळ आहे.

तर तो पापुद्रा. त्या काळ्या कापडाच्या प्रत्येक तुकड्याला एका बाजूने पिवळं पातळ प्लास्टिक चिकटवलेलं असतं. तुकडा साच्यात बसवला की ते सोलून काढायचं. बायका त्याला पापुद्रा म्हणत. तो चुकून आत राहिला तर वरचा थर खालच्याला धरत नाही. बाहेरून काही दिसत नाही, आत मात्र कागदाएवढी फट राहते. शंभरच्या वेगाला तिला कुणी विचारत नाही. चारशेच्या वेगाला वारा नेमकी तीच शोधतो.

म्हणून नियम होता. भिंतीवर एक पांढरा फळा. प्रत्येक तुकड्याला नंबर. सोललेल्या पापुद्र्यावर तोच नंबर शाईने लिहायचा आणि फळ्यावर त्याच्या जागी लावायचा. शेवटी फळा भरलेला दिसला तरच साचा भट्टीकडे जायचा. एक जागा रिकामी असेल तर खोली बंद, सगळ्यांची झडती. तरीही सापडला नाही तर भाग मोडीत. मग त्यावर कुणाचे का पंधरा दिवस गेले असेनात.

त्या दिवशी सुरकुतीबाई सातव्या गाडीच्या पंखाचा डावा पाय करत होती. गाडीच्या मागे एक रुंद पंख असतो. वेगात तो आडवा पडून असतो आणि ब्रेक मारला की उभा राहून वारा अडवतो. तो ज्या दोन पायांवर उभा राहतो त्यांतला हा एक. शहाण्णव थर, आणि मधे कोपरासारखं वाकण. भट्टीतून निघालेले भाग ध्वनिलहरींच्या यंत्राखाली तपासतात, पण या वाकणात यंत्राला नुसतं धुकं दिसायचं. तिथे भरवसा फळ्याचा आणि बाईच्या हाताचा.

दुपारी सुपरवायझर पाहुणे घेऊन आला. गाडी विकत घ्यायचा विचार करणारी आठ-दहा माणसं, पांढऱ्या टोप्या आणि पांढरे डगले घातलेली. "या आमच्या सगळ्यांत जुन्या कारागीर," तो म्हणाला. "एकोणीस वर्षांत एक भाग वाया नाही." पाहुण्यांनी तिचे हात बघायला मागितले. तिने दाखवले. मग त्यांच्यासमोर दोन-तीन तुकडे बसवून दाखवले, पापुद्रे सोलून दाखवले. कौतुकाचं वारं अंगात शिरलं की चांगल्या चांगल्यांचं भान सुटतं, ती तर बिचारी आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या लोकांसमोर उभी होती. पाहुणे पलीकडच्या टेबलाकडे वळले. तिने शेवटचे थर बसवले आणि फळ्याकडे पाहिलं.

एकाहत्तरची जागा रिकामी होती.

तिने टेबलाखाली पाहिलं, बाही झटकली, चपलांचे तळ पाहिले. पापुद्रा हलका असतो, कशालाही चिकटून कुठेही जातो. कुणा पाहुण्याच्या डगल्याला लागून गेला असेल, ती मनाशी म्हणाली. तेवढ्यात सुपरवायझरचा आवाज आला, "आणि आता हा आमचा फळा. एकही जागा रिकामी असली तर गाडी पुढे जात नाही!" पावलं तिच्याच दिशेने येत होती.

तिने कचऱ्याच्या पेटीतून एक जुना पापुद्रा उचलला, कात्रीने बेतला, त्यावर एकाहत्तर लिहिलं आणि लावून टाकला. सगळं मिळून दहा सेकंद. एका पाहुण्याने तिला फळ्याशेजारी उभं करून फोटो काढला. संध्याकाळी साचा भट्टीत गेला.

लाज म्हणा, गर्व म्हणा. नोकरी जाईल ही भीती तिला नव्हती. एका भागासाठी तिला कुणी काढलं नसतं. एकोणीस वर्षांच्या पांढऱ्याशुभ्र पाटीवर एक डाग पडला असता, एवढंच. तेवढ्यासाठी तिने हे केलं, आणि आपण काय केलं हे तिला बसमध्ये बसल्यावर कळलं.

तिथून पुढे आठ महिने तिच्या डोक्याला भुंगा लागला. पापुद्रा आपल्याबरोबर घरी आला असेल या आशेवर तिने घर पालथं घातलं. पिशव्या उलट्या केल्या, पलंग हलवला, नवऱ्याच्या कोटाचं अस्तरसुद्धा उसवून परत शिवलं.

"अगं, काय शोधतेस तरी काय?"

"एक प्लास्टिक."

"मग दुकानातून आण की नवीन."

रविवारी दुपारी तो झोपला की ती पुन्हा शोधायला लागायची. मन चिंती ते वैरी न चिंती. कुणी पाकीट फाडलं, कुणी नव्या डब्यावरचं वेष्टन सोललं, की त्या चर्र आवाजाने तिच्या अंगावर काटा यायचा. कामावर ती प्रत्येक पापुद्रा दोनदा मोजायची, मग तीनदा. नव्या बायका म्हणायच्या, बघा, याला म्हणतात शिस्त. आणि वर कहर म्हणजे तो फोटो. कारखान्याने तो मोठा करून दाराशीच लावला. रोज सकाळी आत शिरताना ती स्वतःला फळ्याशेजारी हसताना बघायची, आणि तिच्या खांद्यामागे तो खोटा एकाहत्तर, ओळखू येईल इतका स्पष्ट. कुणीच ओळखला नाही. तिला वाटायचं, एक दिवस तो फोटोतून खाली गळून पडेल.

सातवी गाडी कारखान्याने विकली नाही, चाचणीसाठी ठेवली. तिचा चालक होता भाचा. त्याला हे नाव तिच्यामुळेच पडलेलं. पहिल्या दिवशी त्याच्या पाठीच्या मापाची सीट करायची होती. इंजिनिअरांनी यंत्र लावायच्या आधी सुरकुतीबाईने गळ्यातली टेप काढून त्याची पाठ मोजली आणि म्हणाली, "डावा खांदा बोटभर खाली आहे. पडला होतास?"

"बारा वर्षांपूर्वी," तो चकित होऊन म्हणाला. "आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, मावशी."

तिने सीटच्या डाव्या बाजूला चार थर जास्त दिले. तो बसून आला आणि म्हणाला, "मावशी, ही पहिली सीट जी मला टोचत नाही." तेव्हापासून ती सगळ्या कारखान्यात त्याची मावशी. चाळिशीकडे झुकलेला, मितभाषी, वेगाच्या फेरीआधी कोरडी बिस्किटं चावत बसणारा. गाडीत बसला की त्याचा चेहरा झोपलेल्या मुलासारखा निवांत होई, असं सगळे सांगत. त्याने सातवी गाडी हळूहळू वेग वाढवत चारशे वीसपर्यंत नेली होती. प्रत्येक चाचणीच्या दिवशी सुरकुतीबाई जेवायची नाही. संध्याकाळी "सगळं ठीक" असा निरोप आला की घरी जाऊन गपागप जेवायची आणि नवऱ्याला वाटायचं, काम फार पडतं बिचारीला.

मग तारीख ठरली. दूरच्या एका सरळसोट चाचणी-रस्त्यावर भाचा चारशे नव्वदच्या पुढे जाणार होता, जगातल्या कुठल्याही रस्त्यावरच्या गाडीपेक्षा पुढे. आठ दिवस आधी तो सीटची गादी बदलून घ्यायला आला. खोलीत दोघंच होती. ती गुडघ्यावर बसून कड दाबत होती, आणि तिथेच तिचा बांध फुटला.

"तू जाऊ नकोस."

"का हो मावशी?"

तिने सांगितलं. पाहुणे, फळा, कात्री, दहा सेकंद, सगळं. सांगताना ती रडली, आणि रडताना तिला बरंही वाटलं, हे लपवून काय उपयोग? आठ महिन्यांत पहिल्यांदा तिला पुरता श्वास आला. भाचा मात्र हलला नाही. हातातलं बिस्किट त्याने परत पुड्यात ठेवलं.

"कुठला पाय?"

"डावा."

"मी चारशे वीसला गेलो तेव्हा हाच होता?"

"हाच."

तो बराच वेळ आपल्या तळहातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चला, सुपरवायझरकडे."

सुपरवायझर आधी खुर्चीत बसला, मग ओरडला, मग पुन्हा बसला. चाचणी पुढे ढकलली. पंखाचा डावा पाय काढून करवतीखाली घातला आणि कांद्याच्या चकत्या कराव्यात तसे त्याचे पातळ काप केले. सुरकुतीबाईला समोर उभं केलं होतं, भाचाही होता. इंजिनिअरने एकेक काप भिंगाखाली धरला. वाकणातला प्रत्येक थर मोजला. शहाण्णवच्या शहाण्णव, एकमेकांना घट्ट धरून बसलेले.

पापुद्रा आत नव्हताच. तो कुठे गेला हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही. एखाद्या पाहुण्याच्या डगल्याला चिकटून धुलाईत गेला असेल. म्हणजे आठ महिने ती ज्या भुताला भीत होती ते भूतच नव्हतं, आणि चांगला भाग मात्र मोडीत गेला. त्या दिवशीच तोंड उघडलं असतं तरी तो मोडीतच गेला असता, पण बाकी काही झालं नसतं.

सुपरवायझरने तिला कामावरून काढलं नाही. साच्यापासून दूर, गोठवलेल्या कापडाच्या कोठारात बसवलं. "मोजायला तुम्हाला आवडतं ना, मोजा आता," तो म्हणाला. त्याला बोलायचा हक्क होता. दाराजवळचा फोटो दुसऱ्याच दिवशी निघाला, भिंतीवर चौकोन राहिला. तिने घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तू त्या पोराला का सांगितलंस? साहेबाला सांगायचं."

"जीव त्याचा होता, अहो."

"म्हणूनच," तो म्हणाला. एकतीस वर्षं भरलेली बस चालवलेल्या माणसाने तेवढंच म्हटलं, आणि तिला ते तेव्हा कळलं नाही.

पंखाचा नवा पाय दुसऱ्या बायकांनी केला. सहा आठवड्यांनी भाचा त्या सरळ रस्त्यावर गाडीत बसला. आकाश स्वच्छ, वारा नाही, टायर नवे. असल्या वेगाला टायर मोजकी मिनिटंच टिकतात, त्यामुळे प्रत्येक फेरी मोलाची. पहिल्या फेरीत तीनशे दहाला अ‍ॅक्सिलरेटरवरून त्याचा पाय उचलला गेला. त्याने सांगितलं, काहीतरी आवाज आला. गाडी तपासली, काही नव्हतं. दुसऱ्या फेरीतही तीनशे दहा. तिसऱ्या फेरीनंतर तो गाडीतून उतरला आणि हेल्मेट टेबलावर ठेवून गेला. पुढच्या महिन्यात बाहेरून दुसरा चालक आणला. त्याने दोन फेऱ्यांत काम फत्ते केलं. कारखान्यात टाळ्या वाजल्या, सगळ्यांना सुट्टी मिळाली. कोठारात ही बातमी सुरकुतीबाईला एका ट्रॉलीवाल्याने सांगितली. तिने विचारलं, "भाचा कुठे आहे?" त्याला माहीत नव्हतं.

भाचा होता तिथेच. आता तो गाड्यांचे दिवे तपासायचा, वायपर, एसी, पावसाळी टायर. शंभर-दीडशेच्या आतलं सगळं. कुणी त्याला हसत नव्हतं, ते आणखी वाईट. तिने दोनदा त्याला आवारात पाहिलं आणि दोनदा वाट बदलली. तिसऱ्यांदा तोच कोठाराच्या दारात आला. थंडीने त्याच्या तोंडातून वाफ येत होती.

"मावशी, माझ्याबरोबर एकदा गाडीत बसाल?"

"मी?"

"तुम्ही शेजारी असलात तर कदाचित जाईन पुढे. ज्यांनी सांगितलं, त्याच बसल्यात म्हटल्यावर..." त्याने वाक्य पुरं केलं नाही.

नाही म्हणायला तिला तोंड नव्हतं. सुपरवायझरने परवानगीवर सही केली आणि मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता, अठ्ठावन्न वर्षांची बाई, कानांवर घट्ट हेल्मेट, छातीवर चार पट्टे, सातव्या गाडीत बसली. सीट जमिनीपासून वीतभर वर. समोर कारखान्याचा चाचणी-रस्ता, सरळ आणि रिकामा.

"भीती वाटते?" त्याने विचारलं.

"वाटते."

"मलाही," तो म्हणाला आणि निघाला.

दीडशे कधी झाले तिला कळलंच नाही. दोनशेला पाठ सीटमध्ये रुतली. अडीचशेला कडेचे खांब खांब राहिले नाहीत. ती रस्त्याकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती. निवांत चेहऱ्याबद्दल तिने ऐकलं होतं, तो हा नव्हता. जबडा आवळलेला, डोळे पुन्हा पुन्हा मागच्या आरशाकडे, पंखाकडे. तीनशे. तीनशे पाच. तिने ओठ दाबून धरले. जा, ती मनात म्हणत होती, जा रे बाबा, पुढे जा. तीनशे दहा.

पाय उचलला गेला. त्याने उचलला नाही, तो आपोआप वर आला. हे तिने डोळ्यांनी पाहिलं. मागे पंख उभा राहिला, पट्टे छातीत रुतले आणि गाडी हळू होत होत थांबली. रस्ता अजून निम्म्याहून जास्त बाकी होता.

इंजिन तापून टिकटिकत होतं.

"आत काही नव्हतं रे," ती म्हणाली. "तू स्वतः पाहिलंस. एकेक काप पाहिलास."

"पाहिला. रोज स्वतःला सांगतो." त्याने हातमोजे काढले. "पंधरा वर्षं मी गाडीत बसलो, मावशी. गाडी म्हणजे गाडी, एवढंच ठाऊक होतं. ती कुणीतरी हाताने लावलेली असते, त्या बाईचं त्या दिवशी लक्ष कुठे होतं, यातलं काही मी कधी मनात आणलं नव्हतं. आता पाय दाबला की मला रस्ता दिसत नाही. हात दिसतात. तुमचे, भट्टीवाल्याचे, टायरवाल्याचे. सगळ्यांचे."

तेव्हा तिला नवऱ्याचं ‘म्हणूनच’ कळलं. बसमधल्या चाळीस माणसांना त्याने एकतीस वर्षांत कधी सांगितलं नसेल की आज माझ्या मनात शंका आहे. शंका असली की तो डेपोत जायचा. ती डेपोत गेली नव्हती. सुपरवायझरकडे जायच्या वाटेवर तो फोटो होता, एकोणीस वर्षं होती, तिथे तिची जीभ उचलली नसती. भाचा माया करणारा होता, म्हणून ओझं त्याच्या मांडीवर उतरवलं आणि त्याला खरं बोलणं असं नाव दिलं. तिला स्वतःची एवढी चीड कधी आली नव्हती.

"मी तुझ्याकडे यायला नको होतं," ती म्हणाली. "सरळ सुपरवायझरकडे जायला हवं होतं. त्यांनी पंखाचा पाय कापला असता, नवा लावला असता, तुला कळलंही नसतं."

तो तिची समजूत काढेल असं तिला वाटलं. नाही मावशी, तुम्ही जीव वाचवायला आलात, असं काहीतरी. ती त्याची वाट बघत होती, हेही तिला कळत होतं.

"हो," तो म्हणाला.

मग त्याने गाडी वळवली आणि सावकाश परत आणली. सीट इतकी खाली होती की तिला उठता येईना. तो फिरून तिच्या बाजूला आला, दार उघडलं आणि दोन्ही हात पुढे केले. तिने ते धरले. त्याचे हात बर्फासारखे गार होते आणि घामाने ओले. तिला उभं केल्यावरही त्याने ते लगेच सोडवून घेतले नाहीत, आणि तिलाही ते आधी सोडायचं धैर्य झालं नाही.